जेरे-तजवीज कणीस

लग्न होऊन बेल्याकडच्या खेड्यात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात मी सासरी एक कणीस चोरून खाल्लं. आता कणीस कोण चोरत नाही? पण जिथं प्रत्येक कणसाची हजेरी घेतात, त्याच घरात मी ते चोरलं. मी पडले निर्मळ शहरातली, चौथीपर्यंत शिकलेली. या खेडवळ माणसांना माझी चोरी काय कळणार, असा माझा तोरा होता. तोरा तेवढा होता, अक्कल मागाहून आली.

हजेरी घेणारे म्हणजे माझे मामंजी, नवऱ्याचे वडील. निजामाच्या तहसिलीत पेशकार होते. साहेबापुढं मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. कचेरी सुटली, तिची भाषा काही सुटली नाही. मक्याच्या दिवसांत संध्याकाळी ओसरीवर शेगडी मांडून बसत आणि हातात चिमटा आला की ओरडत, "पुकारा करा!"

सासूबाई टोपली पुढं सरकवत. मामंजी एकेका कणसाचं पान जरासं सोलून दाण्याला नख लावत. नुसतं पाणी उडालं तर "नाबालिग! चार दिवसांनी आणा." दाणा टणक लागला तर "मुदत संपली, बैलाले द्या." दुधाचा थेंब आला की मान डोलवत, "हाजिर!"

विस्तव बाभळीच्या कोळशाचाच लागे, कपाशीच्या काड्यांचा चालत नसे. "पऱ्हाटीचा जाळ म्हंजे चपराशी. धावते लय, काम काई नाई." एकदा मी मदत म्हणून पदरानं वारा घातला, तर माझ्यावर डोळे वटारले. "सूनबाई, इंगळावर दबाव आणता काऊन?"

आतून सासूबाईंचा आवाज येई, "पेशकारसाहेब, भाकरी थंडी होऊन राह्यली. उठवा ना आता कचेरी!"

"मामला नाजूक हाय," असं म्हणून मामंजी कणीस आणखी एकदा फिरवत. पण त्या कणसाचा दाणा असा भाजलेला असे, की तिखटमीठ लावायचं मी विसरून जाई.

शेवटचं कणीस मात्र ते सोलत नसत. पानांसकट न्यायचे आणि चुलीतल्या गरम राखेत पुरून ठेवायचे. कोणासाठी म्हणून विचारलं, तर उत्तर एकच.

"जेरे-तजवीज हाय. निकाल व्हायचा हाय."

निकाल सकाळी लागे. ते कणीस गाईच्या घमेल्यात जाई.

त्या वर्षी पंचमीला मला न्यायला निर्मळहून यायची गाडी चिखलापायी आलीच नाही. आईची आठवण आली की मला रडू येतं आणि रडू आलं की भूक लागते. या वयातही त्यात फरक नाही. गाय खाते ते सून का नाही खाणार, असा चौथी पास विचार मी केला. ओसरीवर मामंजी शेगडी विझवत होते, तेवढ्यात राख उकरली, कणीस काढलं आणि कणगीमागं बसून फस्त केलं.

थोड्या वेळानं मामंजी चुलीशी आले, उकरलेली राख पाहिली. मला वाटलं, आता माझी पेशी.

ते ओरडलेच नाहीत. चिमटा टाकून दारात धावले. "यमे! आलीस का गं? नदीतली नाव चालू झाली का?" गोठ्यात पाहिलं, परसात पाहिलं. "निघ बाहेर, पाह्यलं मी तुले!" म्हातारा माणूस पोरासारखा हसत होता.

यमी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात दिलेली. हे सगळं मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. लहानपणी भाऊ राखेत कणीस पुरायचा आणि बहीण ते उकरून पळवायची. उन्हाळ्यात नदी उतरली की ती माहेरी येई, तेव्हा कणसं नसत. कणसं येत तेव्हा नदीला पूर आणि नाव बंद. लग्नानंतर इतक्या वर्षांत भावाच्या हातचं कणीस काही तिला मिळालं नव्हतं.

"कणगीमागंच असशील तू," असं म्हणत मामंजी दिवा घेऊन आले. वाकले. आणि तिथं मी, ओठांवर राख आणि काजळी, मांडीवर भुंडं कणीस.

त्यांच्या तोंडावर हसू तसंच होतं. त्याचं आता काय करावं, ते त्यांना कळेना. मी रडायलाच लागले. त्यांनी दिवा खाली ठेवला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि चुलीकडं बोट दाखवून म्हणाले,

"तिलेबी अशाच काळ्या मिशा फुटत होत्या. ये, बस इथं. उद्यापासून दोन पुरत जाऊ."