पित्ताचे पाट

पंगतीत साळवी सरांच्या शेजारी बसायला पोलादपुरात कुणी धजत नसे. बसलात की तुमचं वरण थंड झालंच म्हणून समजा. पानावर भात पडला रे पडला की सर बोटाने त्याला सहा कोपरे पाडत, मधोमध खळगा करत आणि वाढप्याला अडवून सांगत, "वरण कोपऱ्यांवर घाला. यकृताचे असेच षट्कोनी कण असतात; रक्त कोपऱ्यांवरून आत येतं."

मग शेजाऱ्याकडे वळून, डोळे मोठे करून, "आणि पित्त? उलटं! मधून निघून बाहेर. एकाच यकृतात दोन वाहतुका, आणि कुठे टक्कर नाही."

तोवर मठ्ठा वाढून वाढपी पुढे गेलेला असे.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते जीवशास्त्र शिकवत, मी मराठी. राहायलाही शेजारी; दोघांच्या खोल्यांत एकच भिंत. सर एकटे होते. रविवारी खाटकाकडून कलेजी आणत, ती खायला नव्हे. ब्लेडने तिचा पापुद्रा काढून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि भिंतीवर थाप मारून मला बोलावत.

"दिसली पित्ताची नळी? तिला स्वतःची भिंत नसते हो. दोन पेशी शेजारी राहतात, त्यांच्या मधली फट हीच नळी. दोघी थेंब थेंब पित्त सोडतात, वर आकसून पुढे ढकलतात. शेजारधर्म आहे हा."

मला नुसतं गढूळ धुकं दिसे. त्यांनाही त्याहून जास्त दिसत नसावं. मी "वा वा" म्हणून पळ काढायचो.

मग आमच्या शाळेचा शिपाई धोंडू, त्याच्या आईला कावीळ झाली. ती वर कुडपणला राहायची. धोंडू मात्र निर्धास्त होता. कावीळ उतरवणाऱ्याने मंतरलेल्या काड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली होती. काड्या सुकतात, दोरा ढिला होतो, माळ लांबत खाली येते. आमच्याकडे म्हणतात कावीळच खाली उतरली.

"माळ गळ्याखाली आली हाय, सर," धोंडू खुशीत म्हणाला. "फक्त अंगाला खाज लय. आन् परसाकडं पांढरं होतंय, मातीसारखं."

सरांचा चेहरा उतरला. "पांढरं? आणि बरगडीखाली दुखतं?"

"व्हय."

सर शाळेतून निघाले ते तसेच, खडूच्या हातांनी. मी मागोमाग. कुडपणची चढण ते बोलत बोलत चढले, आणि मी धापा टाकत हुंकार भरले.

म्हातारी अंगणात पिवळीधमक बसली होती. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाली, "माळ उतरतीय ना, मास्तर. मंग कशाला पोट फाडायचं?" धोंडूनेही मान हलवली.

सरांनी वाद घातला नाही. कुदळ घेतली आणि घरामागच्या वाफ्यात बारीक बारीक पाट काढू लागले. सगळे पाट एका मोठ्या पाटाला जोडले. झऱ्याचं पाणी सोडलं. पाणी झुळझुळत गेलं तसे सर चिखलात उड्या मारू लागले. मग त्यांनी मोठ्या पाटाच्या तोंडाशी एक धोंडा दाबून बसवला.

"धोंडू, आता पाणी कुठे जाईल?"

"फुगंल. बांध फोडून वाफ्यात शिरंल."

"हेच पित्त. पुढे वाट नाही म्हणून रक्तात शिरलंय. परसाकडं पांढरं, अंग पिवळं. खडा आहे तिथे. माळेने धोंडा हलेल का?"

पाणी खरोखरच रोपांत शिरलं. धोंडू ते बघत उभा राहिला. मग त्याने वाकून धोंडा उपटला आणि म्हणाला, "डोली बांधतो. आये, ऊठ गो."

डोलीतून ती खाली आली, महाडवरून मुंबईला गेली. तिकडे नोकरीला असलेल्या थोरल्या मुलाने इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं, खडा निघाला. आणि एका सकाळी ती स्वतःच्या पायांनी शाळेत आली, पितांबरीने घासल्यासारखी लख्ख. औषधाच्या बाटलीत तो खडा होता. "हा तुमचा, मास्तर," म्हणाली.

मला वाटलं, आता महिनाभर सुटका नाही. वर्गावर्गांत तो खडा मिरवणार. पण सरांनी बाटली खिशात घातली ती दिवसभर बाहेर काढली नाही. संध्याकाळी भिंतीवर थाप नाही, म्हणून मीच गेलो.

त्यांच्या मांडीवर वाळलेल्या काड्यांची एक माळ होती. शेजारी ती बाटली.

"आईची," सर म्हणाले. "पार बेंबीपर्यंत आली होती. मी गावभर सांगत फिरलो, आई बरी झाली. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिलाही पांढरंच होत होतं हो. मला कुठे ठाऊक होतं."

पंगतीत मी किती वेळा पान उचलून दुसरीकडे बसलो होतो. मी उठलो, माझ्या खोलीतून भाताचं पातेलं आणि वरण आणलं, आणि एका ताटात भाताचा ढीग घालून त्यांच्यासमोर ठेवला.

"सर," मी म्हटलं, "ते रक्त कोपऱ्यांवरून आत येतं ना? मग पित्ताचं काय?"

त्यांनी भाताकडे पाहिलं. मग बोट पुढे केलं.

"उलटं," ते म्हणाले.

वरण त्या दिवशीही थंड झालं.