विहिरीतला पुरावा

मुलांनो, तुमच्यापैकी कुणीतरी एक हाक ऐकली, मोबाइलवर टिपून घेतली आणि पुढे निघून गेलं. नाव सांगत नाही. ज्याचं त्याला ठाऊक आहे. आता गोष्ट ऐका.

एका जंगलात एक कोरडी विहीर होती. भर उन्हाळ्यात नारोबा कासव तिच्यात पडलं आणि ओरडू लागलं, "कुणी आहे का?"

जवळून धुंडिराज कोल्हा चालला होता. तो भूतसंशोधक होता. सात वर्षं तो भुतं शोधत होता आणि आजवर त्याला फक्त वटवाघळं सापडली होती. तो आवाज ऐकून त्याचे डोळे भरून आले.

त्याने लगेच संस्था बोलावली. संस्था म्हणजे आणखी एक कोल्हा आणि लाल दिव्याचं एक यंत्र. संस्थेचा नियम होता, आत डोकावायचं नाही. डोकावलं की भूत बुजतं.

"हे आत्म्या, तू कोण?" धुंडिराजने विचारलं.

"आत्मा कसला? मी नारोबा. जिवंत आहे."

"सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं," धुंडिराज मायेनं म्हणाला. "तुझी शेवटची इच्छा काय?"

"दोर."

"मृत्यू गळफासाने," दुसऱ्या कोल्ह्याने लिहून घेतलं.

दुपारपर्यंत सगळं जंगल जमलं. नारोबाची बायको सगुणा एक लांब वेल ओढत आली.

"वहिनी, मागे व्हा. पुरावा बिघडेल," धुंडिराजने तिला अडवलं.

"अहो भावजी, आमचे हे आहेत आत. तहानलेत. एकदा डोकावून तरी बघा."

"आणि नुसतं कासवच निघालं तर?" धुंडिराज हळूच म्हणाला. "माझी सात वर्षं कुठे जातील?"

सगुणा रडू लागली. तिच्या रडण्यामुळे भूत नीट ऐकू येईना, म्हणून प्रेक्षकांनीच तिला मागे नेऊन बसवलं. तिची वेल गर्दी आवरायला बांधली.

चौथ्या दिवशी हाका थांबल्या.

"आत्म्याला मुक्ती मिळाली," धुंडिराजने जाहीर केलं. टाळ्या झाल्या. सगुणाला शाल देण्यात आली.

तात्पर्य: संकटात पडलात तर जिवंत असल्याचं कुणाला सांगू नका. भुतासाठी लोक चार दिवस उन्हात बसतात. जिवंतासाठी कोण बसतं?

विहिरीपाशी टाळ्या ओसरल्यावर मागच्या रांगेतली एक बेडकी शेजारणीला म्हणाली, "तो तर आत्ता मेला. मग भूत आत्ताच कसं गप्प झालं गं?"