सोलांजने लिहिलेलं जेवण

रेमी फाब्रेगच्या हातून एकोणीस वर्षांत एकही पान हरवलेलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचा! डोंगराळ जिल्ह्यातल्या बासष्ट शाळांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्या वेबमास्तरांना शिकवणं, ते अडले की सोडवणं आणि रडकुंडीला आले की समजूत काढणं, ही त्याची नोकरी. आता शाळेतला वेबमास्तर म्हणजे तरी कोण? ज्याला बैठकीत 'नाही' म्हणता आलं नाही, तो! कुठे गणिताचे मास्तर, कुठे ग्रंथपालबाई, एका शाळेत तर चक्क पोहायला शिकवणारे गृहस्थ.

"घाबरायचं काय त्यात?" रेमी सगळ्यांना सांगायचा. "वेबसाइट चावत नाही! आणि मी आहे ना!"

व्हेर्नासालच्या शाळेत फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तो आला तोही असाच, मफलर उडवत. तिथली ग्रंथपाल सोलांज चौदा वर्षं वेबसाइट सांभाळून गेल्या सप्टेंबरात वारली होती. ते काम आता माएलिस नावाच्या, इतिहास शिकवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यात पडलं होतं. बैठकीला ती पाच मिनिटं उशिरा पोचली, तेवढ्यात तिची एकमताने निवड झाली होती.

ग्रंथालयातल्या मशीनसमोर दोघं बसले. सकाळचे नऊ वाजले होते.

"पहिलं काम साफसफाई," रेमी म्हणाला. "गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवायचं म्हणजे घराची किल्ली कुलपालाच लावून गावाला जायचं. सोलांजबाईंचं खातं आधी काढून टाकू."

"पण सर, खातं काढलं की त्यांनी लिहिलेलं सगळं..."

"हा! हाच प्रश्न सगळे विचारतात!" रेमीला फार बरं वाटलं. "मशीन आपल्याला दोन पर्याय देतं. मजकूर दुसऱ्याच्या नावे करा, नाहीतर मजकुरासकट पुसून टाका. आपण मजकूर तुझ्या नावे करायचा. नीट बघ हं आता."

तेवढ्यात दार ढकलून एक धिप्पाड माणूस आत आला. पांढरा एप्रन, हातात ट्रे, ट्रेमध्ये कॉफी आणि अक्रोडाचा केक. शाळेच्या भोजनगृहाचा आचारी, बाझील.

"शिकणाऱ्यांना एक तुकडा, शिकवणाऱ्यांना दोन," तो म्हणाला. मग स्क्रीनकडे बघून जरा घुटमळला. "सोलांजची पानं काढताय की काय, साहेब?"

"छे हो!" रेमी तोंडात केक घेऊन त्याच्याकडे वळला. उजवा हात मात्र माउसवरच राहिला. "नुसतं नाव बदलतोय! एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही पान..."

आणि त्याने क्लिक केलं. मशीनने विचारलं, 'खात्री आहे का?' त्याने तेही न वाचताच 'हो' दाबलं. प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला तो हेच करू नका म्हणून बजावायचा!

"बरं बरं," म्हणत बाझील निघून गेला.

"सर," माएलिस हळूच म्हणाली, "ते काय लिहिलंय?"

स्क्रीनवर लिहिलं होतं: 'एक सदस्य आणि २३१६ पानं कायमची पुसली.'

रेमीने केक गिळला. मग हसला. "अगं, बॅकअप कशाला असतो? दर रविवारी साइटची प्रत निघते."

प्रत निघायची, हे खरं होतं. ती जिथे साठायची ती जागा सोलांजच्या नावावर होती, हेही खरं होतं. सप्टेंबरात त्या जागेची मुदत संपत आली, तसं तिथलं यंत्र दर आठवड्याला तिला पत्र धाडू लागलं. ती तेरा पत्रं दोघांनी तिच्या शाळेतल्या टपालपेटीत उघडली. प्रत्येकाखाली सोलांजचं आपोआप जाणारं उत्तर होतं. यंत्र लिहायचं, 'मुदत संपत आहे, कृपया कळवा.' सोलांज उत्तर द्यायची, 'आभारी आहे. सध्या मी रजेवर आहे. परत आले की नक्की बघते.' शेवटी डिसेंबरात यंत्राने लिहिलं, 'आपली जागा आम्ही रिकामी केली आहे.' त्यावरही तिने आभार मानले होते!

रेमीला आधी हसू फुटलं. पण चौथ्या पत्रापाशी ते आटलं.

इकडे साडेदहाला मुख्याध्यापिका मादाम रूव्हिएरबाईंच्या खोलीतला फोन वाजायला लागला. शाळेच्या वेबसाइटवर पालक कधीही काहीही वाचत नाहीत. एकच पान वाचतात, आज जेवायला काय आहे ते. सोलांजच्याच खात्यातून अजून निघणाऱ्या त्या पानावर आता लिहिलं होतं: 'येथे काहीही नाही.'

"संप किती दिवस चालणार?" एका आईने विचारलं.

"कसला संप?" मादाम म्हणाल्या.

"बघा! लपवताहेत!" आई नवऱ्याला म्हणाली आणि फोन ठेवला.

भोजनगृहात काही नाही म्हणजे संप, यापलीकडे या मुलखात कुणाचं डोकं चालत नाही. साडेअकराला फाटकापासून चर्चपर्यंत गाड्यांची रांग लागली. मुलांना जेवायला घरी न्यायला सगळं गाव लोटलं. दोन बापांनी मागच्या संपातला कापडी फलक माळ्यावरून काढून आणला होता. त्यावर मागण्या रेल्वेच्या होत्या, पण भावना पोचत होत्या. बाझीलने दोनशे बारा मुलांसाठी मसूर आणि सॉसेज रांधले होते. जेवायला बसली सदतीस.

एक वाजता तो एप्रनला हात पुसत ग्रंथालयात आला. मादामही तिथेच होत्या.

"मादाम, मी संपावर आहे, हे मला आत्ता कळलं! कामगार संघटनेचा फोन आला होता. म्हणाले, अभिनंदन, टिकून राहा!" तो मोठ्याने हसला. बाकी कुणी हसलं नाही. "मला वाटलं, पोरांना शेवटी चव कळायला लागली! असो. सरका जरा, पाच मिनिटं बसू द्या. सोलांजचं वाचतो आणि जातो."

रेमीने उठून मशीनला जवळजवळ मिठीच मारली. "दुरुस्ती चालू आहे!"

"किती वेळ?"

"दोन... आठवडे."

"एवढे?" बाझीलने खुर्ची परत ढकलली. "बरं. घाई करू नका. नीट करा."

तो गेल्यावर मादामनी दार लावलं. "फाब्रेग साहेब, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? तो तिचा नवरा."

बाझीलने परत ढकललेली खुर्ची रेमीने ओढली आणि तीत बसला.

मादाम सांगत गेल्या तसतसा तो खुर्चीत खचत गेला. सोलांज रोजचं जेवण नुसतं लिहायची नाही. प्रत्येक पदार्थाखाली आचाऱ्याला एक टपली मारायची. 'मासा. आचाऱ्याच्या मते ताजा. माशाचं मत घेता आलं नाही.' 'कांद्याचं सूप. कापताना बाझील रडला, पिताना आपली पाळी.' 'सफरचंदाचा टार्ट. कडा सोडून खावा.' चौदा वर्षं, शाळेच्या प्रत्येक दिवशी! भांडी घासून झाली की बाझील इथे यायचा, चष्मा लावायचा, वाचायचा आणि तणतणत तिच्या टेबलाशी जायचा. त्यांच्या घरी कंप्युटर नव्हता. ती गेल्यापासूनही तो रोज येत होता. एका दिवशी एकच पान वाचायचा, अगदी पहिल्यापासून. हिशोबाने ती पानं दोन हजार दिवस पुरली असती.

"आणि तो कितव्यावर होता?" माएलिसने विचारलं.

"नव्वदच्या आसपास," मादाम म्हणाल्या.

रेमी घरी गेला, पण जेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या एकोणीस वर्षांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि दोन तास गाडी हाकत परत आला. इंटरनेटवर जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या एका संग्रहात शाळेचं मुखपृष्ठ तेवढं सापडलं, त्यावर घंटेचं चित्र. मग त्याने आणि माएलिसने गाव पालथं घातलं. कुणाला सोलांजचं काही आठवतंय का? औषधवालीने फोनमध्ये अकरा पानांचे फोटो जपले होते. शाळेच्या बसचा ड्रायव्हर सात वाक्यं तोंडपाठ म्हणायचा, त्यातली दोन छापण्यासारखी नव्हती. शिकून मोठी झालेली मुलं लांबच्या शहरांतून लिहून पाठवू लागली. एकाने वकिली करता करता कळवलं, 'पालकाची भाजी. चमचा उभा राहतो. सूचना: चमचा परत मिळाल्यास भोजनगृहात द्यावा.'

आणि हे सगळं बाझीलपासून लपवायचं होतं! तिसऱ्या दिवसापर्यंत एक तो सोडून सगळ्या गावाला ठाऊक झालं. तो बेकरीत शिरला की बोलणं थांबायचं. पोस्टात शिरला की लोक पाकिटांवरचे पत्ते वाचायला लागायचे.

"माझ्या मसुरीचं एवढं मनावर घेतलं लोकांनी?" त्याने एकदा माएलिसला विचारलं. ती बिचारी 'तास आहे' म्हणून पळाली. तास नव्हता.

दोन आठवड्यांत त्रेसष्ट पानं जमली. तारखा कुणालाच आठवत नव्हत्या, म्हणून रेमीने अंदाजाने घातल्या. त्रेसष्ट! दोन हजार कुठे आणि त्रेसष्ट कुठे! शेवटच्या दुपारी तो मशीनसमोर एकटाच बसला होता, आणि त्याला वाटलं, या माणसाचं एवढं नुकसान केलं आपण, त्याला एखादी तरी गोड गोष्ट द्यावी. त्याने चौसष्टावं पान लिहिलं. 'बटाट्याचा ग्रातँ. आज खरंच सुंदर झालाय. शाब्बास, बाझील.' तारीख मनात आली ती टाकली. लिहिताना त्याचे डोळे भरून आले, आणि त्याला ते फारच सोलांजसारखं वाटलं.

भांडी घासून झाल्यावर बाझील आला. चष्मा लावून बसला. माएलिस पुस्तकांच्या कपाटाशी उभी राहिली, रेमी त्याच्या पाठीमागे. बाझील माशाला हसला. चमच्याला तर एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. "बया!" म्हणाला. "काय बया होती!" मग शेवटचं पान आलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

"सोलांजबाईंनी," रेमी म्हणाला.

"साहेब, तुमच्या हातून सगळं पुसलं गेलं, हे बेकरीवालीने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं."

"मग तुम्ही बोलला कसे नाहीत?"

"तुमची एवढी धावपळ चालली होती. म्हटलं, धावू द्या. मी ओरडून ती पानं परत येणार होती का?" तो स्क्रीनकडेच बघत होता. "पण हे एक वाचलं, आणि वाटलं, एखाद्या दिवशी आपण वाचायला चुकलो असू. चौदा वर्षांत ती मला छान म्हणाली नाही हो. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात सूप घेऊन गेलो. दोन चमचे घेतले आणि म्हणाली, मीठ विसरलास." त्याने नाक ओढलं. "हे पान वाचून दोन मिनिटं फार बरं वाटलं, साहेब. मग कळलं."

"मी लिहिलं," रेमी म्हणाला. "मला माफ करा. ते पुसलं त्याबद्दलही, आणि हे लिहिलं त्याबद्दलही."

"पुसलंत ती चूक होती. हे मात्र खोटं आहे. काढा ते."

रेमीने वाकून माउस धरला. मशीनने विचारलं, खात्री आहे का. त्याचं बोट तिथेच थांबलं. बाझील पुढे झुकला आणि पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे बघायला लागला. तारखेपुढे वार मशीन आपणहून छापतं. तो रेमीने पाहिलाच नव्हता.

"बारा मार्च दोन हजार सतरा," बाझीलने वाचलं. "रविवार."

माएलिसने कपाळावर हात मारला. "रविवारी शाळाच नसते, सर!"

"काढतो, आत्ता काढतो," रेमी पुटपुटला.

"थांबा." बाझीलने त्याचं मनगट धरलं. "रविवारी घरी स्वयंपाक ती करायची. मला भांड्याला हात लावू द्यायची नाही. ग्रातँ तिचाच असायचा." त्याने चष्मा वर सरकवून पुन्हा एकदा वाचलं, ओठ हलवत. "स्वतःच्या ग्रातँला ती सुंदर म्हणायचीच. दर रविवारी म्हणायची!"

"आणि शाब्बास?" माएलिसने विचारलं.

"बटाटे मी सोलायचो," बाझील म्हणाला. "त्या दिवशी बरे सोलले असतील."

त्याने मनगट सोडलं. रेमीने प्रश्न नीट वाचला आणि 'नाही' दाबलं.