दांडा खाली घ्यावा की काढावा, याची हकीकत

श्री वाणीदेवीस साष्टांग दंडवत. देवी, तुजला जिव्हा एक, आम्हांस मात्र चार भाषांवर पोट भरणे आहे, तरी सांभाळून घ्यावे. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी, राज्य दुभाष्यांचे, तेथील वर्तमान ऐसे जे: टोपीकरांनी यंत्रे करावी आणि त्यांची माहितीपुस्तके आपुल्या इंग्रजी भाषेत लिहावी, मग ती या राज्यात यावी आणि येथील दुभाष्यांनी ती फरासीस, वलंदेज ऊर्फ डच, जपानी ऐशा भाषांत उतरवावी. आता टोपीकरांची खोड ऐसी की साध्या क्रियापदास 'अप', 'डाउन', 'ऑफ' ऐशी शेपटी लावितात, आणि एकाच शेपटीचे अर्थ चार. जपानी लोक काटेकोर, त्यांस दर अर्थास निराळा शब्द लागतो. दुभाष्यांचा जीव मेटाकुटीस आला. मग राज्याचे धनी बापूसाहेब यांनी कायदा केला की प्रत्येक शेपटीवाल्या क्रियापदास एकच अर्थ ठरवून शब्दकोठीत शिक्का मारावा, आणि गिऱ्हाइकास शंका कदापि विचारू नये, कारण विचारिले म्हणजे आपणांस येत नाही हे कबूल जाहले आणि राज्याची अब्रू गेली.

जपानी मेजावर सुहासिनीबाई खरवंडीकर होत्या. उमेदीची वर्षे या शेपट्यांतच गेली, मान धरली, डोळे शिणले, तरी बाई काम टाकीत ना. त्यांजकडे अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यांस उचलून खुर्चीत बसवावयाच्या यंत्राचे पुस्तक आले, आणि त्यात लिहिले होते की म्हातारे माणूस झोळीत बसले म्हणजे पुढील दांडा 'टेक डाउन' करावा. कोठीत शिक्का 'काढणे' असा. बाई थांबल्या, आणि बापूसाहेबांपुढे जाऊन बोलत्या जाहल्या, "साहेब, दांडा खाली घ्यायचा की काढूनच टाकायचा? खाली घेणं म्हणजे 'ओरोसु', काढणं म्हणजे 'हाझुसु'. पुस्तकात चित्र नाही. आधाराचा दांडा असला आणि आपण काढायला सांगितला, तर माणूस तोंडावर आपटेल हो!"

बापूसाहेब म्हणाले, "अहो बाई, कोठीत आहे ते टाका आणि मोकळ्या व्हा. वलंदेज मेजावरून गिरिधरपंतांचं कालच गेलं. त्यांना नाही आली शंका!"

"त्यांना सवय झाली असेल. मला अजून होत नाही, काय करू?" ऐसे बोलून बाई मेजाकडे परतल्या, आणि मग त्यांनी सरळ फोन उचलून टोपीकरांच्या मुलखी, पुस्तक लिहिणारे हॉकिन्स साहेब यांस विचारिले. साहेब म्हणाले, "लिहिलं मी खरं, पण यंत्र मीही पाहिलेलं नाही. कारखान्यात जाऊन बघतो." ही खबर बापूसाहेबांस लागली, आणि ते लाल होऊन गर्जले, "गिऱ्हाइकाला फोन? माझ्या राज्यात? उद्यापासून येऊ नका!" बाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. डबा आणि स्वेटर पिशवीत घातला, पुस्तक अर्ध्यावरच उघडे ठेविले आणि जिना उतरत्या जाहल्या. वाईट वाटले हो, फार वाईट वाटले, परंतु मेजावरून कोणी मान वर केली नाही.

मग हॉकिन्स साहेबांचा फोन आला तो बापूसाहेबांनीच घेतला. साहेब म्हणाले, "दांडा खाली घ्यायचा. काढला तर माणूस पुढे पडेल. इतक्या देशांत पुस्तक गेलं, विचारलं फक्त तुम्ही. आभार कोणाचे मानू?" बापूसाहेब तत्क्षणी मधासारखे गोड जाहले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं साहेब, विचारून काम करणं ही आमच्याकडची रीतच आहे." आणि लागलीच बाईंस निरोप धाडिला की झाले गेले विसरून परत यावे. बाईंनी विचारिले, "दांड्याचं काय निघालं?" खाली घ्यावयाचा, ऐसे कळता म्हणाल्या, "बरं झालं. तेवढं छापा. मी नाही येत आता, दमले मी."

इकडे गिरिधरपंत घाबरे होऊन बापूसाहेबांपाशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, आम्ही वलंदेजांना 'काढा' असंच पाठवलंय. कळवायचं का?"

बापूसाहेबांनी दार लोटून घेतले आणि म्हणाले, "कोणी विचारलंय का?"

येणेप्रमाणे जपानात दांडा खाली आला, बाई घरी गेल्या, वलंदेजांच्या मुलखी म्हातारी माणसे झोळीत बसताहेत आणि राज्याची अब्रू शाबूत आहे. इति.