पोचल्याचा फोन

आमच्या समोरच्या वानखेड्यांनी अर्धा देश पाहिला आहे, पण तो बाथरूमपुरता. म्हैसूर कसं आहे विचारा. "गरम पाणी सात ते नऊ." जयपूर? "बादली मोठी, मग्गा फुटका." उदयपूरच्या तळ्याबद्दल मी एकदा हट्टानेच विचारलं, तर खोली मागच्या बाजूला होती म्हणाले.

वानखेडे मूळचे अमरावतीचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि वारज्यात आमचे शेजारी झाले. कारखान्यांतले बॉयलर दुरुस्त करायला कंपनी त्यांना सारखी गावोगाव पाठवायची. विमान, हॉटेल, जेवण, सगळं कंपनीकडून. मी ऑफिसच्या खर्चाने हडपसरच्या पुढे गेलेलो नाही. त्यामुळे मला त्यांचा हेवा वाटायचा, आणि तो मी टोमण्यांतून व्यवस्थित कळवायचो.

"काहाचं सुख जी?" ते म्हणायचे. "सकाळी उठलं का आधी आठवा लागते, आपण कोन्या गावात आहो."

पत्नी वारल्यापासून ते घरी एकटेच. निघताना किल्ली आमच्याकडे देत. माझी बायको सुनंदा म्हणायची, पोचल्यावर फोन करा. असं आपण सगळ्यांनाच म्हणतो आणि कोणी करत नाही. वानखेडे करायचे. "पोचलो, वहिनी." मग खोली कशी, गादी कशी, पाणी कसं. उशीर झाला तर सुनंदाच फोन लावायची. मी त्याला सातच्या बातम्या म्हणायचो.

मागे कंपनीने त्यांना बढती देऊन पुण्यातच बसवायचं ठरवलं. मी पेढे मागितले. पण वानखेडे नकार कळवायला निघाले होते. मी म्हटलं, इतकी वर्षं रडगाणं ऐकवलंत, आणि आता सुटका होतेय तर नको? आमच्या दारातलं पायपुसणं ते बराच वेळ पायाने सरळ करत राहिले.

"फिरन्याचं काही नाही जी," ते म्हणाले. "पण रोज घरी येनाऱ्या मानसाले 'पोचला का' असं कोन विचारते?"

सुनंदा आतूनच म्हणाली, बढती घ्या, बाकीचं मी बघते.

ते पुण्यातल्या ऑफिसात रुजू झाले त्या संध्याकाळी समोरचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. सुनंदाने कणकेच्या हातानेच फोन लावून स्पीकरवर टाकला. तिकडची रिंग आम्हाला दारातून ऐकू येत होती.

"भाऊजी, पोचलात का?"

पलीकडे दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज आला.

"पोचलो, वहिनी." मग चांदणी चौकातली गर्दी, नवीन खुर्ची, साहेबांचा स्वभाव, असं सगळं सुरू झालं.

दोन दारांमध्ये चार पावलांचं अंतर. त्यांना इकडेच चहाला बोलवावं म्हणून मी उठलो, तर सुनंदाने मला हातानेच खाली बसवलं.

"थांबा हो," ती हळूच म्हणाली, "आधी त्यांना घरी तर पोचू द्या."