बसावं आपण

अकोल्यात खुशालरावांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सलग तिसरा मॅनेजर पळाला. हा तर नागपूरच्या कचेरीत गोऱ्या साहेबाला सांभाळून आलेला. तेव्हा खुशालरावांनी ठरवलं, की उमेदवाराचं शिक्षण नंतर, आधी त्याचा दम पाहायचा. हंगामात फाटकावर कापसाच्या दीडशे बैलबंड्या उभ्या राहत आणि प्रत्येकाला पहिला नंबर हवा असे. त्यांनी उमेदवाराला फाटकाशीच टेबल मांडून दिलं, जानराव बंडीवाल्याला त्याच्यावर मनसोक्त ओरडायला सांगितलं आणि स्वतः पडद्याआड उभे राहिले.

पहिले दोघे दुपारच्या आत घरी गेले. तिसरा बडनेऱ्याचा सूर्यभान. त्याची आई मनकर्णाबाई स्टेशनबाहेर भाजी विकत. तेल्हाऱ्याचे पंजाबराव त्याला मुलगी द्यायला तयार होते, पण तो मॅनेजर झाला तरच.

"काहून बे, झोपला का?" जानराव गरजला. "माहा कापूस कोन मोजन, तुहा बाप?"

"बाप तं मांगच्या साली गेला, काका," सूर्यभान म्हणाला. "मीच मोजतो. तवरिक पानी प्या."

जानराव पाणी प्यायला. तासाभरात बंड्यांची सरळ रांग लागली.

खुशालराव हरखले. ते पुण्याला शिकलेले, बोलायला फार मृदू. त्यांनी सूर्यभानला आत बोलावून खुर्ची पुढे केली. "या, बसावं आपण. फार त्रास नाही ना झाला आपल्याला?"

सूर्यभानने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. इतक्या हळू आवाजात त्याच्याशी आयुष्यात एकदाच कोणी बोललं होतं, बाप गेला त्या दिवशी दवाखान्यातले डॉक्टर. त्यांनीही खुर्ची दिली होती.

"माही माय बरी हाये ना जी?" एवढं विचारून तो उत्तराची वाट न पाहता स्टेशनकडे धावत सुटला.

बडनेऱ्याला मनकर्णाबाई वांगी मांडून बसल्या होत्या. नोकरी टाकून आलास म्हणून त्यांनी भर रस्त्यात पोराचा उद्धार केला. त्याच्या जिवात जीव आला. नोकरीची आठवण त्याला त्यानंतर झाली.

इकडे खुशालराव चक्रावले होते. दीडशे बंड्यांना न भ्यालेला माणूस एका खुर्चीला का भ्यावा? आपण काय बोललो ते त्यांनी जानरावाला शब्दन् शब्द सांगितलं.

"आमच्या इकडं असं मयतीले बोलतात जी," जानराव म्हणाला.

दोन दिवसांनी बडनेऱ्याला खुशालरावांची चिठ्ठी आली. 'कृपया' लिहून खोडलेलं होतं. सूर्यभानने पुढचं आईला वाचून दाखवलं. "काहून पळाला बे? मॅनेजर तूच हाये. सोमवारी सकाळी सातले ये. नाही आला तं तंगडी तोडीन."

मनकर्णाबाईंनी पदर सावरला.

"मालक चांगल्या घरचा दिसते," त्या म्हणाल्या.