पुलाखाली कोण बसणार?

"सरकारी कामात लपवाछपवी? माझ्या गावात? माझ्या हयातीत तर न्हाई!" सरपंच दौलतरावांनी पारावर जोरात मूठ आपटली. मूठ सणसणीत लागली, पण भरल्या सभेत तोंड कसं वाकडं करणार!

साल एकोणीसशे छप्पन. पिंपरीला नवा कारखाना निघाला होता, चाकणच्या बाजारात कांदा तेजीत होता आणि खडकाळवाडीच्या ओढ्यावर एकदाचा पूल मंजूर झाला होता. तोवर कांद्याच्या गाड्या ओढ्यात रुतायच्या आणि गाडीवान बैलांपेक्षा सरपंचाच्या नावानंच जास्त ओरडायचे. शेजारच्या गावानं पूल बांधला, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. ठेकेदार तर पावसाच्याही आधी गेला होता!

"म्हणून मी नियम काढलाय," दौलतराव म्हणाले. "ज्यानं पूल बांधला, त्यानं पहिल्या दिवशी पुलाखाली बसायचं! वरनं कांद्याच्या दहा भरल्या गाड्या जातील. काम चोख असंल तर वर येऊन हार घालून घ्यायचा."

"आन् नसंल तर?"

"तर हार वरनंच टाकू!" दत्तोबा ओरडला. हा पिंपरीच्या कारखान्यात कामाला. सुट्टी आठवड्यातून एकदा, पण तोंडाला सुट्टी कधीच नाही.

नियमाची कीर्ती पसरली. तीन ठेकेदार आले, नियम ऐकला आणि गेले. तिसरा तर चहाही तसाच टाकून गेला! शेवटी पंचायतीनंच काम अंगावर घेतलं. बांधणार गावचा मुरारी गवंडी. ओढ्यावर ही मोठी पाटी लागली : 'सर्व काम सरपंच दौलतराव यांच्या खास देखरेखीखाली.' नाव रंगवणाऱ्याला दौलतरावांनी तीनदा सांगितलं, "आणखी मोठं काढ!"

मग सिमेंटची पोती आली, आणि सरपंचांच्या बायकोची, सुभद्राबाईंची, नजर त्यांच्यावर पडली.

"अवं, त्यातली दोन इकडं वळवा की! चाकणच्या मामींचा ओटा बघा, तोंड दिसतंय त्यात. आन् सरपंचाच्या दारात शेणाचा ओटा!"

"अगं, जनतेचं काम हाय ते!"

"मग मी कोण? जनताच की!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, दौलतराव वादात एकदाही जिंकले नव्हते. त्यांनी मुरारीला बाजूला घेतलं. "दोन पोती आमच्या ओट्याला घाल. कुठं बोलू नगंस."

मुरारीनं डोकं खाजवलं. "तुमी म्हणाल तसं, मालक."

दौलतराव निर्धास्त झाले. बांधतो मुरारी, बसंल मुरारी! महिन्याभरात इकडं पूल उभा राहिला, तिकडं ओटा चकाकायला लागला.

उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले. दहा गाड्या रांगेला लागल्या. मुरारी पुलाखाली गेला, गोणपाट अंथरलं आणि तंबाखू मळत बसला.

"आन् सरपंच?" दत्तोबानं विचारलं.

"मी? मी वर हाराचं बघतो."

"देखरेख कुणाची हुती मग? पाटीवर नाव तर म्हशीएवढं हाय की, राव!"

"अरं, तसं न्हवं..."

"वा!" साहेबच टाळ्या वाजवत उठले. "स्वतः पुलाखाली बसणारा सरपंच! अख्ख्या तालुक्यात असा माणूस नाही!"

झालं! गावानं दौलतरावांना खांद्यावरून खाली नेऊन बसवलं. सुभद्राबाईंनी पदर तोंडात कोंबला. ओटा हवा होता, पण कपाळाच्या कुंकवापेक्षा जास्त नव्हे!

पहिली गाडी वर चढली. पूल धडधडला, आणि त्याहून जास्त दौलतराव.

"मुरारी, दोन पोत्यांनी फरक पडतोय का रं?"

"पडतोय की."

"किती?"

"आता कळंलच!"

दुसरी गेली. तिसरी गेली. दौलतरावांनी मारुतीला नारळ बोलला, मग पाच नारळ, मग बकरं. मारुतीला बकरं चालत नाही, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही! चौथ्या गाडीला वरून मूठभर मुरूम सुटला आणि थेट त्यांच्या सदऱ्यात शिरला.

"मेलो! गाड्या थांबवा! दोन पोती माझ्या ओट्यात हायत! पूल पडतोय!" दौलतराव बोंबलत बाहेर पळाले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

बैल कुणाचं ऐकतात? उरलेल्या सहाही गाड्या खडखडत पार झाल्या. पुलाचा टवकासुद्धा उडाला नाही! मुरूम तेवढा रस्त्यावरचा होता, चाकानं कडेवरून ढकललेला.

साहेबांनी हातातला हार एकदा दौलतरावांकडं नेला, मागं घेतला आणि मुरारीच्या गळ्यात घातला.

"पूल ऱ्हायला, आता पोती बघू!" दत्तोबानं पहार उचलली. "चला ओट्याकडं!"

सुभद्राबाई ओट्यावर फतकल मारून बसल्या. "आधी माझ्यावर घाव घाला!" बायाबापड्यांनी त्यांना उचलून बाजूला नेलं. दत्तोबानं पहार हाणली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली! दुसऱ्या घावाला ओटा भसकन खाली बसला. आत नुसती राख आणि माती. वर नखाएवढा सिमेंटचा थर!

दौलतराव डोळे फाडून बघत राहिले. इज्जत गेली ती गेली, ओटाही गेला!

"मुरारी! माझी दोन पोती कुठं हायत रं?"

"पुलात."

"मी तुला ओट्याला दिली हुती!"

"व्हय मालक," गळ्यातला हार नीट करत मुरारी म्हणाला. "पर पुलाखाली मला बसायचं हुतं. ओट्यावर तुमाला."